माहेरची हवा

होळी अजून दहा दिवसांवर आहे आणि आज सकाळी पोळपाटावर बोटानं रेघ ओढता आली. रात्री घासून, पुसून उपडा घातलेला पोळपाट होता. म्हणजे धुरळा आला. कॅलेंडरवाले उन्हाळा कधी धरायचा तो धरोत. शहराच्या दक्षिण टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांचा उन्हाळा असाच येतो. ऊन नंतर तापतं, आधी धूळ येते. दुपारी तीनच्या सुमाराला खिंडीतून वारा खाली उतरतो आणि वाटेत सापडेल ते बरोबर घेतो. पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेल्या रस्त्याची माती, खडी क्रशरची पांढरी भुकटी, मोकळ्या प्लॉटवर पेटवलेल्या कचऱ्याची काजळी. यंदा पाऊसही हात आखडून पडला, त्यामुळे रानातली ढेकळं आतापासूनच भुसभुशीत झाली आहेत. संध्याकाळी डोंगर दिसेनासा होतो. एवढा मोठा डोंगर, घराच्या दारात उभा असून दिसत नाही.

दरवर्षी मी पोळपाट पुसते आणि पोळ्यांना लागते. यंदा हात थांबला. स्वातीला सातवा सरत आला आहे. माझी एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण, आणि दिवस भरतात ते ऐन वैशाखात, जेव्हा आमच्या गल्लीत लोक तोंडाला रुमाल बांधून दूध आणायला जातात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. ती रोज फोनवर विचारते, "आई, मला न्यायला कधी येताय?" मी रोज काहीतरी सांगते. कधी माझ्या शाळेतल्या परीक्षा, कधी यांच्या कंपनीतल्या शिफ्टा. खरं कारण पोळपाटावर बसलेलं असतं.

स्वातीला दमा आहे. आहे की होता, हे मला नीट म्हणता येत नाही. जावई कोकणात झेडपीच्या शाळेवर मास्तर आहेत. मराठवाड्यातली किती तरी पोरं अशी नोकरीसाठी कोकणात जाऊन पडली, तसेच तेही. लग्न ठरलं तेव्हा मला एवढ्या लांब लेक द्यायची नव्हती. पण तिथं गेल्यावर तीन महिन्यांत तिची रात्रीची शिट्टी थांबली. शिट्टी म्हणजे छातीतून यायची ती. पुढं एकदा फोनवर ती हसत म्हणाली, "आई, माझा पंप कपाटात सापडंना. लागलाच नाही तर ठेवला कुठं तेच विसरले." त्या दिवशी मी शाळेतून येताना पेढे आणले आणि कशाचे म्हणून कुणालाच सांगितलं नाही. मागच्या मे महिन्यात ती चार दिवसांसाठी इकडं आली, तर तिसऱ्या दिवशी तिला सलाईन लावायची वेळ आली. तिच्या तिकडच्या डॉक्टरांनी आता साफ सांगितलं आहे की पोटात बाळ असताना असा अटॅक दोघांनाही परवडणार नाही. ही गोष्ट जावयांनी मला सांगितली. स्वातीनं सांगितली नाही.

समोरच्या नसीमआपा परवा गेटाशी उभ्या राहिल्या. तीस वर्षांचा शेजार आहे. "बेटीकू कब लारे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. "बघू क्या? पहिली जचकी है. मैं डिंकाचे लाडू करके रखी." मी हसले. त्यांच्या ओट्यावरच्या मोगऱ्याची पानं राखाडी झाली होती आणि त्या बोलता बोलता ती ओढणीनं पुसत होत्या.

या हवेला मी नावं ठेवते, पण धुराशी माझं नातं वैराचं नव्हतं. मी मेंढपाळाच्या घरची. आज जिथं रो-हाऊसच्या रांगा आहेत, तिथं माझ्या लहानपणी आमची मेंढरं चरायची. माझ्या वडिलांना, आबांना, हा डोंगर तळहातासारखा पाठ होता. माघ संपता संपता आमच्यातले बाप्ये डोंगराचं वाळलं गवत पेटवून द्यायचे. राखेवर पाऊस पडला की गवत कोवळं येतं म्हणून. संध्याकाळी डोंगराच्या अंगावरून तांबडी रेघ वर वर सरकत जायची आणि आम्ही पोरी ती बघत भाकरी खायचो. त्या धुराचा वास केसांना यायचा, लुगड्यांना यायचा. मला तो आवडायचा. आज शहरातले लोक डोंगर पेटला की फोन काढून फोटो घेतात आणि हे कोण अडाणी लोक म्हणून विचारतात. मी गप्प बसते. आमच्याच लोकांनी लावलेली सवय आहे, आणि तेव्हा खाली श्वास घ्यायला एवढी माणसं नव्हती, एवढंच मला आमच्या बाजूनं सांगता येईल.

मेंढरांना धुळीनं खोकला लागायचा, तेव्हाही औषध धूरच. मेंढरं कोंडायला आमच्याकडे जाळ्याचं कुंपण असतं, त्याला वाघूर म्हणतात. त्या वाघुरीला चहूबाजूंनी गोणपाट लावायचं, आत खोकणारी कोकरं घ्यायची आणि मधोमध घमेल्यात वाळक्या लेंड्या, कडुनिंबाचा पाला आणि मूठभर ओवा धुमसत ठेवायचा. थोड्या वेळानं गोणपाट काढलं की कोकरं शिंकत, नाक गाळत बाहेर पडायची आणि दुसऱ्या दिवशी उड्या मारायची. सगळीच नाही. जी मारायची, ती आमच्या लक्षात राहिली.

मग एका मागून एक ती कोरडी वर्षं आली. शहर त्याच वर्षांत सगळ्यात जास्त वाढलं, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं. प्यायला पाणी नाही आणि सिमेंटला आहे. गावाकडं पिकत नाही म्हणून माणसं शहरात आली, त्यांना राहायला घरं हवीत म्हणून डोंगर फोडला, आणि फुटलेला डोंगर टिपरमध्ये बसून दिवसभर आमच्या दारावरून जायचा. रस्त्यावर पाणी मारा म्हणून आम्ही बायका टँकरच्या मुकादमाकडं गेलो होतो. तो म्हणाला, "ताई, टँकर तुमच्या हंड्यात रिकामा करू का रस्त्यावर, तुम्हीच सांगा." आम्ही परत आलो. अंगणात सडा टाकणं तर कधीच बंद झालं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी मी उंबऱ्याबाहेर शिंपडायची आणि ते पडल्या पडल्या नाहीसं व्हायचं. आमच्या नव्या घराची मला केवढी हौस होती. वर स्लॅब, खाली फरशी, माझ्या पगारातून बसवलेल्या लोखंडी खिडक्या. त्या वर्षी त्या खिडक्यांच्या फटींत मी जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबून बसवल्या.

त्याच उन्हाळ्यात आबा माझ्याकडं राहायला आले. कुठंच चारा नव्हता. गोदाकाठापर्यंत कळप नेऊन ते परत आले होते आणि उरलेली मेंढरं चुलतभावाला देऊन टाकली होती. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. जेवायला बसले की एक भाकरी झाली की ताट सारायचे. दोन-चार दिवसांतच त्यांनी डोंगराकडच्या क्रशरवर राखणदारी धरली. संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या भुवया, मिशा, कानातले केससुद्धा पांढरे झालेले असत. स्वाती तेव्हा पाच वर्षांची होती. ती म्हणायची, आबा पिठाच्या गिरणीत काम करतात.

खोकला तिला होळीनंतर लागला तो गुढीपाडवा झाला तरी हटेना. आधी कोरडा, मग घरघर, मग चालता चालता थांबून भिंतीला हात टेकणं. गल्लीतल्या डॉक्टरांनी बाटल्या बदलून बघितल्या आणि सांगितलं, धुळीपासून जपा. कसं जपायचं ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी तिला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं, दारं-खिडक्या बंद ठेवल्या, पंख्यावर ओलं फडकं फिरवलं. तरी फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उठायचे. तिच्या छातीवर हात ठेवून मी श्वास मोजायची. शाळेत वर्गाला गणितं घालून मी खिडकीतून घराकडं बघत उभी राहायची. मला दुसरं काही सुचत नव्हतं. माणूस घाबरलं की शिकलेलं सगळं गळून पडतं आणि लहानपणचं तेवढं वर येतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

एका रविवारी भर दुपारी वाऱ्यानं थैमान मांडलं होतं. हे ड्युटीवर होते. स्वाती उशीला टेकून बसलेली, खांदे वर-खाली होत होते. मी आबांना म्हटलं, "आबा, कोकरांना करायचात तशी धुरी द्या तिला."

 आबा म्हणाले, "शारदे, मेंढराचं येगळं अस्तंय. माणसाच्या लेकराला म्या कधी धुरी दिली नाय."

"बाळंतिणीला देत नाहीत का? तान्ह्या बाळाला देत नाहीत का? मी स्वतः तिला दिली नव्हती का शेगडीवर?"

"ती उलिशीक अस्ती. हिला श्वासच लागंना, तर लई धुरानं..."

"मग बघत बसायचं का नुसतं?"

मी ओरडले त्यांच्यावर. ज्या माणसानं आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही त्याच्यावर. ते उठले. शेजारच्या गोठ्यातून त्यांनी शेळीच्या लेंड्या आणल्या, मी कडुनिंबाचा पाला आणि ओवा दिला. घमेलं खोलीच्या मधे ठेवलं. खिडक्यांत चिंध्या होत्याच. दाराच्या फटीला मी गोणपाट लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले, धूर वाया जाऊ नये म्हणून.

इतकी वर्षं मी त्या खोलीचा विचार करते आहे. आमच्या लोकांची धुरी कधी कधी लागू पडायची, त्यात आमचं शहाणपण फारसं नव्हतं. वाघुरीला वर छप्पर नसतं. चहूबाजूंनी कितीही गोणपाट बांधा, वर आभाळ उघडंच असतं. ही एवढी गोष्ट आबांच्या लक्षात आली नाही, कारण त्याआधी ते जन्मात कधी स्लॅबखाली राहिले नव्हते. माझ्या लक्षात आली नाही, कारण मला त्या स्लॅबचा अभिमान होता.

किती वेळ गेला ते माहीत नाही. आबांनी खोकत खोकत म्हटलं, "शारदे, दार उघड." मी म्हटलं, "अजून थोडं." स्वाती माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ जांभळे दिसायला लागले तेव्हा आबांनी मला बाजूला ढकललं, तिला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी रस्त्यावर पळत सुटले. नसीमआपांच्या मालकांनी रिक्षा काढली. दवाखान्यात तिच्या नाकावर वाफेचा मास्क लावला आणि पांढऱ्या कोटातल्या एका तरुण डॉक्टरणीनं आमच्याकडं वळून विचारलं, "हिच्या अंगाला धुराचा वास येतोय. कुणी केलं हे?"

"म्या केलं," आबा म्हणाले.

मी तिथंच होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्या बाईनं आबांना सगळ्या वॉर्डसमोर झापलं, अडाणी म्हणाली, लेकराला मारून टाकलं असतं म्हणाली. संध्याकाळी कंपनीतून थेट तिथं आलेल्या यांनीही त्यांना नको नको ते ऐकवलं. आबा पायांकडं बघत उभे होते. मी एक शब्द बोलले नाही. आधी भीतीनं बोलले नाही, मग लाजेनं, आणि मग इतके दिवस उलटले की बोलायची वेळच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं गाठोडं उचललं आणि क्रशरवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. स्वातीला भेटायला यायचे ते आधी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, आणि तरी गेटाबाहेरच उभे राहायचे. कपड्यांत धूर बसतो, म्हणायचे. ती गेटाच्या आतून त्यांच्याशी गप्पा मारायची. दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात ते त्या भुकटीत खोकून खोकून गेले, आणि पाहुण्यांत आजही त्यांची आठवण निघते ती नातीला धुरीत कोंडणारा म्हातारा म्हणून. लोक हसतात. सांगतात की जुनी माणसं अशीच. मी त्या वेळी चहा टाकायला आत जाते.

गेल्या आठवड्यात शाळेत चौथीला हवेचा धडा होता. दरवर्षी शिकवते. स्वच्छ हवेला रंग नसतो, वास नसतो, असं फळ्यावर लिहिलं आणि मागं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आपल्याकडं कोणती हवा हाय?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी खिडकी लावायला सांगितली आणि पुढचा धडा घेतला.

घरी येऊन मी स्वातीची खोली आवरायला काढली. वेड लागल्यासारखं केलं सगळं. खिडक्यांना जाळी मारून आणली, हवा शुद्ध करणारं मशीन कुठं मिळतं ते विचारून आले, ओले पडदे सोडून बघितले. ओल्या पडद्यावर तासाभरात मातीचा पट्टा उमटला. मी तो धुतला, पुन्हा टाकला, पुन्हा उमटला. नळाला पाणी यायला अजून पाच दिवस होते. यांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "शारदा, बस कर." मी खाली बसले आणि रडले. लेकीला घरी आणता येत नाही म्हणून जी बाई रडते, तिला गरीब म्हणावं, कजाग म्हणावं, की आणखी काही, मला माहीत नाही. दार उघडं असून बंद, अशी गत झाली आहे.

काल दुपारी तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. "बॅग भरून ठेवलीय. बाबांना म्हणावं रविवारी या. मला इथली भाजी नको झालीय आई, तुझ्या हातची येसर आमटी पाहिजे."

मी म्हटलं, "स्वाती, तू इकडं येऊ नको. मीच येते तिकडं. परीक्षा झाल्या की लगेच. दोन महिने राहते."

"तू येशीलच गं. पण मला घरी यायचंय." मग म्हणाली, "तू उगाच भितीस. खिडक्या लावून बसू आपण. आता आबा थोडेच आहेत धुरी द्यायला."

हसून म्हणाली ती. सगळे हसतात तसंच. आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आबांनी नव्हती दिली. ते नको म्हणत होते. मी द्यायला लावली. दार मी धरलं होतं."

 पलीकडं कुठं तरी पाण्याचा पंप चालू होता, पाणी पडत होतं.

"माहीत आहे मला," स्वाती म्हणाली. "तू दाराला टेकून उभी होतीस. मी तुझ्याकडंच बघत होते ना."

"मग कधी बोलली नाहीस?"

"आबा गेटाशी यायचे तेव्हा त्यांनी शपथ घातली होती. म्हणले, चिमणे, आईला कधी इचारू नको. ती लई भ्याली व्हती."

 ती पुढं म्हणाली, "म्हणून तू मला नको म्हणतीस का? त्या दिवसामुळं?"

"नाही. आजच्या हवेमुळं. आज डोंगर दिसत नाही बाळा."

"आणि बाळ झाल्यावर?"

"पावसाळ्यात ये. चांगला पाऊस झाला तर. चार दिवस."

"चार दिवस," ती म्हणाली. मी फोन कानाला लावून वाट बघत राहिले. तिनं भांडावं, रुसावं, मला दुष्ट म्हणावं. लहानपणी एका फुग्यासाठी तिनं अख्खा बाजार डोक्यावर घेतला होता. ती भांडली नाही. म्हणाली, "बरं. मग येताना तुझ्या जुन्या सुती साड्या आण. बाळाच्या दुपट्यांना तुझ्याच पाहिजेत मला. पण नीट धुऊन आण हं आई, दोन-दोन पाण्यांतून."

मी हो म्हटलं. साड्या मी दोन नाही, चार पाण्यांतून काढीन. त्या वाळत कुठं घालीन, हे तिनं विचारलं नाही.